नेम धरला, बॉल चुकला!

पूल टेबलवर आपला नेम चुकतो तो बहुतेक वेळा वाकण्याआधीच. हा फंडा मला पुण्यात कळला. त्याचा खरा उपयोग मात्र झाला रत्नागिरीत, मांडवीच्या आमच्या घरी, कॅरम बोर्डवर.

गुरुवारची संध्याकाळ. सगळ्यांची ऑफिसं सुटली की आमची सहा जणांची गँग एका पूल पार्लरमध्ये जमते. मी फ्रीलान्सर, त्यामुळे माझं ऑफिस सुटतच नाही, ते सोडा. तर त्या दिवशी गेम अगदी रंगात आलेला. माझ्यासमोर सरळ बॉल. पांढरा, पुढे पिवळा आणि त्यामागे पॉकेट, तिन्ही एका रेषेत. शेंबडं पोरगंही घालील असा शॉट. मी वाकले, नेम धरला, मारला. गेला, गेला, गेला... आणि पॉकेटच्या डाव्या ओठाला लागून परत!

मग काय, सल्ले सुरू. पूल टेबलभोवती उभा असलेला प्रत्येक पुरुष जन्मजात कोच असतो, हे मुलींना वेगळं सांगायला नको. ‘खांदा हलला तुझा.’ ‘ग्रिप सैल सोड.’ ‘चॉक लावलास का?’ ‘अगं, रिलॅक्स!’ मी खांदा धरला, ग्रिप सोडली, चॉक लावला, रिलॅक्सही झाले. पुढचा बॉल पुन्हा डाव्या ओठावर.

माझं दुःख जरा जास्त होतं, कारण मी रत्नागिरीची आहे. आमच्याकडे कॅरम हा टाइमपास नाही, ती प्रतिष्ठेची गोष्ट आहे. रियाझ अकबर अली, आकांक्षा कदम ही नावं कॅरमच्या बातम्यांत येतात ती रत्नागिरीचं नाव घेऊनच. मांडवीतल्या आमच्या पडवीत मे महिन्याची प्रत्येक दुपार बोरिक पावडरच्या वासात गेली आहे. बाबा वाडीतले नामवंत खेळाडू. त्यांची मुलगी असून मला सरळ बॉल जाऊ नये?

वीस शॉट, एक वही

पार्लरमध्ये एक काका येतात. बँकेतून रिटायर झालेले, हाफ शर्ट, खिशात स्वतःचा चॉक. पूलला ते ‘पोरांचा खेळ’ म्हणतात. त्यांचं प्रेम बिलियर्ड्सवर. त्यांच्याशी पाच मिनिटं बोललात तर विल्सन जोन्स येणारच. १९२२ साली पुण्यात जन्मलेले जोन्स १९५८ साली कोलकात्यात जागतिक हौशी बिलियर्ड्स स्पर्धा जिंकले आणि भारताचे पहिले जगज्जेते झाले. मग मुंबईचे मायकेल फरेरा, १९७७, १९८१ आणि १९८३चे जगज्जेते. मग पुण्यातच जन्मलेला पंकज अडवाणी. आणि शेवटी, ‘स्नूकर तर १८७५ साली आपल्या जबलपूरच्या छावणीत जन्माला आलं, माहीत आहे का?’ हे ठरलेलं वाक्य.

त्या दिवशी मात्र काका इतिहासात शिरले नाहीत. म्हणाले, ‘हाच शॉट वीस वेळा मार. बॉल कुठे गेला ते दर वेळी लिहून ठेव.’

लिहिलं. पाच आत. तीन उजवीकडे. बारा डावीकडे.

‘मग हाताला कशाला शिव्या देतेस? हात डळमळत असता तर बॉल दोन्हीकडे सांडले असते. तुझे सगळे एकाच बाजूला चाललेत. म्हणजे तू चुकीच्या जागी अगदी बरोबर मारतेस!’

आता एकाच बाजूला चुकण्याची दोन कारणं असू शकतात. एक तर मारताना क्यू दर वेळी तसाच वाकडा येतो, नाहीतर मारण्याआधीच तो वाकडा लागलेला असतो. हे ओळखण्याची काकांची युक्ती भन्नाट आहे. ‘वाक, नेम धर, आणि आता पुतळा हो. मारू नकोस.’ मी पुतळा. काका माझ्या मागे जाऊन क्यूच्या शेपटापासून टोकापर्यंत बघून आले. ‘बघ, क्यूच डावीकडे तोंड करून बसलाय. तुला तो सरळ दिसतोय?’

मला तो शंभर टक्के सरळ दिसत होता. प्रॉब्लेम नेमका तिथेच होता.

डोळे दोन, रेषा एक

घरी येऊन वाचायला लागले तेव्हा ट्यूब पेटली. आपल्या दोन बाहुल्यांमधलं अंतर साधारण सहा ते साडेसहा सेंटिमीटर. पूलचा बॉल ५.७ सेंटिमीटरचा. म्हणजे आपले डोळे एका बॉलच्या रुंदीपेक्षाही लांब आहेत! क्यू तुमच्या उजव्या डोळ्याखाली असेल तर उजव्या डोळ्याला दिसणारी रेषा वेगळी आणि डाव्याला दिसणारी वेगळी. मेंदू त्यातली एक उचलतो आणि म्हणतो, ‘हीच सरळ.’ कुठली उचलायची हे तुम्हाला न विचारता ठरतं.

तुमचा मेंदू कुठल्या डोळ्याचं जास्त ऐकतो, हे डेस्कवर बसल्या बसल्या कळतं. दोन्ही हात पुढे ताठ धरा, तळवे जवळ आणून अंगठ्यांमधून एक छोटी खिडकी करा. दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या खिडकीतून लांबचं घड्याळ बघा. आता एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला घड्याळ खिडकीतच दिसत राहतं, तो तुमचा ‘बॉस’ डोळा. बहुतेकांचा उजवा असतो. माझा निघाला डावा! आणि मी मित्राचं बघून क्यू अगदी स्टाइलमध्ये उजव्या डोळ्याखाली धरत होते.

म्हणजे आता क्यू डाव्या डोळ्याखाली सरकवला की संपलं? नाही बॉस, इतकं सोपं नाहीये. काहींना रेषा बॉस डोळ्याखाली सरळ दिसते, काहींना दोन्ही डोळ्यांच्या बरोबर मध्ये, काहींना त्यांच्या अधेमधे कुठेतरी. अमेरिकेतले इंजिनीअरिंगचे प्राध्यापक आणि पूलवरच्या पुस्तकाचे लेखक डेव्हिड अल्सिअटोर या जागेला ‘व्हिजन सेंटर’ म्हणतात. ते प्रत्येकाचं वेगळं, आणि ज्यानं त्यानं आपलं आपण शोधायचं.

ते घरी डायनिंग टेबलवरही शोधता येतं. शिवणाचा दोरा टेबलभर ताणून दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा. दोऱ्याच्या बरोब्बर वर क्यू, नाहीतर सरळ काठी धरा आणि शॉटसाठी वाकतो तसे वाका. हात न हलवता फक्त डोकं हळूहळू डावीकडे-उजवीकडे न्या. एका जागी काठी आणि दोरा एक होऊन जातात. बाकी सगळीकडे काठी तिरकी वाटते. ती एक जागा पकडा. हनुवटीचा कुठला भाग काठीवर आला ते लक्षात ठेवा. माझी काठी हनुवटीच्या मध्यापासून जेमतेम दोन बोटं डावीकडे आली. दोन बोटांसाठी मी वर्षभर शिव्या खाल्ल्या होत्या.

हे काही फक्त आपल्यासारख्या हौशी लोकांचं दुखणं नाही. १९२७ ते १९४६ या काळात पंधरा वेळा स्नूकरचे जगज्जेते झालेले इंग्लंडचे जो डेव्हिस यांची उजव्या डोळ्याची नजर कमजोर होती. म्हणून त्यांचा क्यू डाव्या डोळ्याखालून जायचा. आणि तमाम चष्मेवाल्यांनो, तुमचे हीरो डेनिस टेलर. वाकून मान वर केली की आपण काचेच्या वरच्या कडेतून, नाहीतर चक्क फ्रेमवरून बघतो. टेलरनी त्यासाठी उलटा दिसणारा, उंच काचांचा खास चष्मा करून घेतला. लोक हसले. मग १९८५ साली त्यांनी स्टीव्ह डेव्हिसना शेवटच्या काळ्या बॉलवर १८-१७ असं हरवलं आणि वर्ल्ड चॅम्पियनशिप खिशात घातली. त्यामुळे चष्मा असेल तर वाकल्यावर आपण काचेतून बघतोय की फ्रेममधून, हे आधी तपासा.

हलायचं कोणी?

डोकं जागेवर आलं तरी माझी अर्धीच गाडी रुळावर आली होती. उरलेली अडकली होती कॅरममध्ये.

कॅरममध्ये आपण खुर्चीला चिकटलेले. आमच्याकडे तर बूड उचललं की फाउल. त्यामुळे नेम जुळवायचा तो स्ट्रायकर रेषेवर इकडेतिकडे सरकवून. माणूस स्थिर, स्ट्रायकर फिरता. पूलमध्ये सगळं उलटं. पांढरा बॉल जिथे थांबला तिथे थांबला. आता सरकायचं आपण. आणि मी मात्र कॅरमच्या सवयीनं दिसेल तिथे जाऊन वाकायची आणि वाकल्यावर क्यूचं टोक इकडेतिकडे करत नेम शोधायची. पाय एकीकडे, खांदा दुसरीकडे, क्यू तिसरीकडे. असा शॉट गेला तर ती देवाची कृपा.

काकांनी शिकवलेली पद्धत अशी. नेम उभ्यानंच धरायचा. पांढऱ्या बॉलच्या मागे चार पावलं जाऊन उभं राहायचं. तिथून रेषा नीट दिसते. वाकल्यावर बॉल एकमेकांच्या आड जातात. रेषा ठरली की तिच्यावरून नजर न काढता पुढे यायचं. उजव्या हातानं खेळणाऱ्यानं उजवं पाऊल रेषेवर टाकायचं, डावं थोडं पुढे आणि बाजूला. मग डोकं त्या रेषेवरच खाली आणायचं, लिफ्टसारखं. खाली गेल्यावर काहीतरी चुकतंय असं वाटलं तर टोक वळवायचं नाही. सरळ उठायचं आणि पुन्हा मागून यायचं. लाज वाटते, मान्य आहे. पण बॉल चुकल्यावर त्याहून जास्त वाटते.

आता रेषा नेमकी कुठली? तिरक्या शॉटला बहुतेक जण एक चूक हमखास करतात. बॉल पॉकेटमध्ये जायला त्याच्या पाठीवर जिथे टक्कर व्हायला हवी, त्या बिंदूवरच ते पांढऱ्याचा मध्य रोखतात. पण पांढरा बॉल म्हणजे काही सुई नाही, त्यालाही पोट आहे. त्याचा मध्य त्या बिंदूपर्यंत पोचायच्या आधीच त्याचं पोट दुसरीकडे टेकतं आणि शॉट जाड लागतो. त्याऐवजी टकरीच्या क्षणी पांढरा बॉल कुठे असेल, ते डोळ्यांसमोर आणा. पॉकेटच्या रेषेत, समोरच्या बॉलला मागून चिकटलेला एक भुताचा बॉल. इंग्रजीतही त्याला ‘घोस्ट बॉल’च म्हणतात. क्यू रोखायचा त्या भुताच्या मध्यावर. हा मध्य समोरच्या बॉलच्या मध्यापासून बरोबर एक बॉल, म्हणजे ५.७ सेंटिमीटर मागे असतो.

सुरुवातीला भूत दिसत नसेल तर एक माप पाठ करा. पांढऱ्याचा मध्य समोरच्या बॉलच्या कडेवर रोखला, तर तो बॉल साधारण ३० अंशांत तिरका जातो. हा हाफ-बॉल शॉट. आपला शॉट याहून सरळ आहे की तिरका, एवढं उभ्यानं ठरवलं तरी अर्धं काम झालं.

शेवटची गोष्ट, थांबणं. दोन-तीनदा क्यू पुढेमागे करताना नजर पांढऱ्यावरून समोरच्या बॉलवर, परत पांढऱ्यावर, अशी फिरू दे. पण मारण्याआधी ती एका जागी थांबली पाहिजे. कॅनडाच्या कॅलगरी विद्यापीठातल्या जोन व्हिकर्स यांनी या शेवटच्या स्थिर नजरेला ‘क्वाएट आय’ हे नाव दिलं. बिलियर्ड्स खेळणाऱ्यांवरचा एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात कसलेल्या खेळाडूंची नजर मारण्याआधी नवख्यांपेक्षा जास्त वेळ स्थिर राहत होती. आणि जे शॉट गेले, त्यांच्या आधी ती चुकलेल्या शॉटपेक्षा जास्त वेळ थांबलेली होती. आपण उलट करतो. मारता मारताच मान वर, बॉल गेला का बघायला!

महिन्याभरानं मी तोच सरळ शॉट पुन्हा वीस वेळा मारला. चौदा आत. उरलेले सहा, तीन इकडे, तीन तिकडे. आता मात्र हाताला शिव्या द्यायला हरकत नव्हती.

पडवीतला बोर्ड

ही गोष्ट इथे संपली असती. पण गेल्या वर्षी मे महिन्यात मी घरी गेले.

मांडवीला संध्याकाळी कोणी घरात बसत नाही. सगळे किनाऱ्यावर, नाहीतर जेट्टीवर. पण त्याआधी, उन्हं कलेपर्यंत, पडवीत कॅरम हा आमच्या घरचा नियम. त्या दिवशी बोर्ड भिंतीला उभा केलेला आणि त्यावर चक्क वाळत घातलेला टॉवेल. बाबा आतल्या खोलीत पेपर वाचत बसलेले. आईला विचारलं तर म्हणाली, ‘शिमग्यापास्नं हात लावला नाही त्यांनी बोर्डाला.’

मी बोर्ड मांडला, पावडर टाकली, हाक मारली. बाबा दारात येऊन उभे राहिले. ‘नको गो. हात राहिला नाही आता.’

मग हळूहळू बाहेर आलं. शिमग्याच्या सुमारास वाडीतल्या पोरांबरोबर खेळताना समोरची सरळ सोंगटी जाईना. एकदा नाही, सारखी. बाबांनी मनाशी ठरवून टाकलं की हात थरथरतो. आमच्या थोरल्या काकांना कंपवात होता. शेवटची काही वर्षं त्यांच्या हातात चहाची कपबशी राहत नसे. बाबांनी ती वर्षं जवळून पाहिलेली. त्यामुळे त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही, डॉक्टरांना विचारलं नाही. बोर्ड भिंतीला लावला आणि खेळ सोडला. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं ना, त्याचीच भीती होती.

मला काय बोलावं कळेना. म्हणून मी वही आणली. ‘बाबा, वीस वेळा मारा. एकच सोंगटी, सरळ समोर.’

‘कशाला गो?’

‘मारा तर.’

मारले त्यांनी. सहा आत. तेरा डावीकडे. एक उजवीकडे.

मी आकड्यांकडे बघत बसले. मग म्हटलं, ‘आता नेम धरा आणि थांबा. मारू नका.’ त्यांच्या खुर्चीमागे जाऊन खांद्यावरून बघितलं. बोट स्ट्रायकरवर अगदी स्थिर. जराही थरथर नाही. पण स्ट्रायकर, बोट आणि सोंगटी एका रेषेत नव्हती. ‘सरळ आहे?’ मी विचारलं. ‘सरळच तर आहे,’ ते वैतागून म्हणाले.

हातांची खिडकी करायला लावली. आयुष्यभर उजव्या डोळ्यानं बेचकीचा नेम धरणाऱ्या माणसाचा बॉस डोळा निघाला डावा. मग नुसता डावा डोळा मिटून समोरच्या कॅलेंडरवरच्या तारखा वाचायला सांगितल्या. बाबा बराच वेळ बघत राहिले. ‘धुकं आहे गो,’ म्हणाले.

दोन दिवसांनी रत्नागिरीतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, चांगला पिकत आलेला. डावा त्या मानानं बरा. डॉक्टरांनी सांगितलं की एक डोळा असा हळूहळू अंधूक होतो तेव्हा माणसाच्या लवकर लक्षात येत नाही, दुसरा सांभाळून घेतो. बाबांची मान आणि बसायची पद्धत चाळीस वर्षांच्या सवयीची, उजव्या डोळ्याच्या हिशेबानं. बघत मात्र होता डावा. बाबांनी शेवटी धीर करून हाताचं विचारलं. डॉक्टरांनी दोन्ही हात पुढे धरायला लावले, बोटं बघितली. ‘हाताला काही झालेलं दिसत नाही. पण मनात शंका आहे ना, मग फिजिशियनना एकदा दाखवून घ्या.’ तेही दाखवलं. काही नाही.

परत येताना बाबा रिक्षात एक शब्द बोलले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी बोर्डावरचा टॉवेल काढून आईच्या हातात दिला.

पावसाळ्याच्या तोंडावर ऑपरेशन झालं. गणपतीत मी गेले तेव्हा पडवीत चार डोकी बोर्डावर वाकलेली, बाबा नेहमीच्या खुर्चीत. अजून पूर्वीसारखं सगळं जात नाही. नव्या नजरेची सवय होतेय. पण मधे एकदा राणी आणि पाठोपाठ कव्हर घेतलं, आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, ‘वहीत लिही गो.’

आता कोणी म्हणेल, शॉट चुकला की डोळ्यांच्या डॉक्टरकडे पळायचं का? अजिबात नाही. बहुतेकांचं डोकं आणि पाय जागेवर आणले की भागतं. पण पूर्वी जाणारा सरळ शॉट हल्ली एकाच बाजूला चुकायला लागला असेल, तर एकेक डोळा मिटून बघायला पाच सेकंद लागतात. घरी फोन कराल तेव्हा आईबाबांनाही सांगा. दिवसभर स्क्रीनकडे बघणाऱ्या आपल्यासारख्यांनी तर आधी स्वतःचंच बघावं.

या वीकएंडला ट्राय करा

१. एकच सरळ शॉट वीस वेळा. दोन्ही बॉलच्या जागी टेबलावर पंचिंगच्या कागदाला लावतात त्या गोल रिंगा चिकटवा, म्हणजे बॉल दर वेळी तिथेच ठेवता येतील. पार्लरवाल्याला आधी विचारा!

२. आत, डावीकडे, उजवीकडे, असे तीन रकाने. चुकलेले दोन्हीकडे सांडले तर हातावर काम करा, एकीकडेच गेले तर नेमावर.

३. नेम धरून पुतळा व्हा. मित्राला मागून क्यू बघू द्या. बघू द्या, सल्ला देऊ देऊ नका.

४. दोरा आणि काठीनं आपली हनुवटीची जागा शोधा.

५. रेषा उभ्यानं ठरवा. वाकल्यावर शंका आली तर उठा.

आणि मॅडम, बाजूला उभा असलेला कोणी ‘खांदा हलला’ म्हणालाच, तर त्याच्या हातात वही आणि पेन द्या. वीस शॉट लिहून काढेपर्यंत तो गप्प बसतो. गॅरंटी माझी!